चार मजली शेवंती

माझ्या बहिणीचं नाक माझ्या डोळ्यांदेखत फुटलं. भिंतीवरचं नाक. ते माझ्याहून उंच होतं. वरपासून खालपर्यंत त्यातून एक काळी रेघ उतरली, डावी बाजू जागेवर राहिली आणि उजवी बोटभर खाली सरकली. खरी शेवंती त्या नाकाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर तिच्या खोलीत बांगडे शिजवत होती.

मी रस्त्याच्या पलीकडे होते. माझ्या आजूबाजूला वीसेक माणसं चित्र बघायला उभी होती. मी हात करून ओरडले, "भिंत! अरे, भिंत!" तशी सगळ्यांनी मोबाइल वर केले. एक मुलगी म्हणाली, "आजी बघ किती खूश झाल्यात." तिच्या बाजूचा मुलगा म्हणाला, "ती रेघ बघ. कसला भारी इफेक्ट दिलाय."

हे सहाव्या दिवशी झालं. त्याआधीचे पाच दिवस सांगायला हवेत, नाहीतर भिंतीवर माझी बहीण कशी गेली ते कळणार नाही. मी चौथी शिकलेली बाई आहे. गावच्या वाचनालयाचे मास्तर म्हणाले, मुंबईत जे बघितलंत ते लिहा. लिहिते. गोड करून लिहिणार नाही.

लालबाग

शेवंती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली ती तिथेच राहिली. नवरा गिरणीत होता. ती गिरणीतल्या गड्यांची खाणावळ चालवायची. गिरणी गेली, नवराही गेला, आता सात-आठ डबे करते. चाळ तळमजला धरून चार मजली. शेवंतीची खोली दुसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला, म्हणजे रस्त्याकडच्या आंधळ्या भिंतीला चिकटून. त्या भिंतीला खिडकी नाही. त्या भिंतीवर तिला काढलं होतं.

तिने फोनवर सांगितलं होतं, "आक्का, माझा चित्र काढलानी हा." मला वाटलं, असेल दाराएवढं. टॅक्सी वळली आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली. आभाळात बहिणीचं तोंड. कुंकू सुपाएवढं. सुरकुत्या नांगरलेल्या शेतासारख्या. हातात आमटी वाढायचा डाव, गिरणीच्या भोंग्याएवढा. ती हसत नव्हती. जेवायला बसलेल्याला "अजून घे" म्हणताना ती जशी बघते तशी बघत होती. टॅक्सीवाला उत्तर प्रदेशातला, तोही मान वाकडी करून बघत राहिला आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

त्या भिंतीखाली आधी कचरा असायचा. मागच्या खेपेला मी नाकाला पदर लावून गेले होते. आता जागा झाडलेली. लोक तिथे आले की चाल कमी करत, आवाज कमी करत. भांडत आलेली दोन माणसं तिथे गप्प झालेली मी बघितली. कोणी सांगितलं नव्हतं, गप्प बसा म्हणून. पण पायथ्याशी झेंडूची फुलं आणि हळदकुंकू बघून माझं डोकं फिरलं. जिवंत बाईला फुलं वाहतात? मी ती पायाने बाजूला केली. शेवंती वरून सज्जातून ओरडली, "रव दे गो! बायका भक्तीन घालतत."

"मेल्यावर घालतीत. आता नको," मी म्हटलं.

चित्र काढणारी मुलगी नयना. नाशिकची, केस बारीक कापलेले, नखांत निळा रंग. परांचीवर महिनाभर राबली होती. शेवंतीच्या हातची भाकरी खायची आणि तिला आजी म्हणायची. चांगली मुलगी. मी विचारलं, आधी भिंत वाजवून बघितलीस का? तिला कळलं नाही. आमच्याकडे गणपतीच्या मागच्या भिंतीवर चितारी चित्र काढतो, तो आधी बोटाच्या पेराने सगळी भिंत वाजवतो. पोकळ वाजली तर रंगाला हात लावत नाही, म्हणतो, आधी गिलावा काढा. नयना म्हणाली, "इथे चाळीच्या सेक्रेटरींनी भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून भिंत तयार करून दिली होती, आजी. मी फक्त रंगवलं."

तिसऱ्या मजल्यावर, शेवंतीच्या बरोबर डोक्यावर, तात्या राहायचे. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. आता दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. मुलगी लता त्यांचं करायची. मी भेटायला गेले तर म्हणाले, "आक्काबाई, मी शेवंतीच्या कपाळात राहतो. आणि कपाळ कसं काढलंय ते काय मला दिसत नाही."

मी म्हटलं, "आठ्या काढल्यात."

"मग बरोबर काढलंय," तात्या म्हणाले.

गिरगाव

दुसऱ्या दिवशी शेवंतीने मला गिरगावात नेलं. तिथे एका गल्लीत अशीच चित्रं आहेत म्हणाली. खरं म्हणजे तिला आपलं चित्र इतरांपेक्षा बरं आहे हे बघायचं होतं.

गल्ली जुनी, लाकडी कठड्यांची. एका लांब भिंतीवर समुद्र काढलेला. खरा समुद्र तिथून चालत दहा मिनिटांवर, पण लोक इथे थांबून फोटो काढत होते. शहाळेवाल्याने आपली गाडी नाक्यावरून आणून त्या समुद्रापुढे लावली होती. त्याला विचारलं तर म्हणाला, "पहले यहाँ कोई रुकता नहीं था, माँजी. अब पानी देखके प्यास लगती है." मी शहाळं प्यायले. माझ्या गावात शंभर माड आहेत, तरी प्यायले. चित्राने माझ्याकडूनसुद्धा ते करून घेतलं.

पुढे वळणावर मला चार पायऱ्या दिसल्या. मी पाय उचलून ठेवला तो अंगठा भिंतीवर आपटला. पायऱ्या रंगवलेल्या होत्या. नख काळं पडलं. ओटीवर बसलेले म्हातारे हसले. एक म्हणाला, "आजपर्यंतचा आकडा वाढला रे!" माझ्याआधी कितीजण आपटले होते कोण जाणे. मी त्याला म्हटलं, "हसताय काय? खोटी पायरी दाखवून माणसं पाडायची ही कसली कला?" तो म्हणाला, "आजी, तुम्ही वर बघत होतात. खालची खरी पायरी तुम्ही बघितलीच नाहीत. ती बघा." खरंच, बाजूला एक खरी पायरी होती, फुटकी. रंगवलेल्या चार चांगल्या पायऱ्यांपुढे ती माझ्या नजरेतच आली नव्हती.

शेवंती तोपर्यंत एका भिंतीवरच्या नऊवारीतल्या बाईकडे बघत होती. म्हणाली, "हिच्यापेक्षा माझा नाक बरा."

थालीपीठ खाल्लं. लोणी होतं, पण बोटाच्या टोकाएवढं. आमच्याकडे एवढं मांजराला घालतात.

दादर, परळ

तिसऱ्या दिवशी दादरला फुलं घेतली, कोथिंबीरवडी खाल्ली. पुढे परळला पुलाखालून चालत गेलो. पुलाच्या खांबांवर जंगल काढलेलं. हरणं, वाघ, निळा पक्षी. वरून गाड्या धडधडत होत्या आणि खाली हे जंगल. थोडा वेळ मला धडधड ऐकू आली नाही हे मी कबूल करते.

दोन खांबांच्या मध्ये एक बाई भाकऱ्या थापत होती. तिचा संसार तिथेच होता. एका खांबावर झाडाची फांदी काढलेली, तिथे तिने खिळा मारून दोरी बांधली होती आणि दोरीवर परकर वाळत होता. मी तिला म्हटलं, "बरं आहे तुझं, सावली मिळाली."

ती म्हणाली, "कसली सावली! रंग लावायचा म्हणून आम्हाला महिनाभर उठवलं. रंग झाला, आलो परत. आता फोटोवाले येतात आन् म्हणतात, मावशी, जरा बाजूला व्हा, फ्रेममधे येताय. माझ्या घरात मला म्हणतात बाजूला हो."

"मग काय करतेस?"

"होते बाजूला. वाघाच्या मागं जाऊन बसते."

मी तिथे उभी होते तेवढ्यात एकजण आला, वाघाचा फोटो घेतला आणि गेला. त्या बाईकडे त्याने बघितलं नाही. मुद्दाम नव्हे. ती त्याला दिसलीच नाही. मला गिरगावातली फुटकी पायरी आठवली. शेवंतीला म्हटलं, "ही चित्रं माणसाची नजर धरून ठेवतात. मग बाजूचं काही दिसत नाही."

ती म्हणाली, "तुझा आंगठो दुखता म्हणान तू असा बोलतंस."

पुन्हा लालबाग

चौथ्या दिवशी तात्यांनी मला बोलावून घेतलं. लता औषध मोजत होती. तात्या म्हणाले, "आक्काबाई, रात्री भिंत कुरकुरते. लताला सांगितलं तर म्हणते, उंदीर. तुम्ही माझं एक काम करा. काच बघून या."

"कसली काच?"

मग त्यांनी सांगितलं. टोकाच्या भिंतीला जुनी भेग होती. सज्जा जिथे भिंतीला मिळतो तिथे, दुसऱ्या मजल्यावर, भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने बसवलेली. काच वाकत नाही. भेग केसभर वाढली तरी ती तडकते. तात्या दर अमावास्येला कठड्यावरून वाकून ती काच बघायचे आणि बाजूला पेन्सिलने तारीख घालायचे. वीस वर्षं. अंथरुणाला खिळल्यापासून कोणी बघितली नव्हती.

मी खाली गेले. सज्जाच्या टोकाला शेवंतीच्या चित्राचा कान होता. तिथे रंग सपाट, गुळगुळीत. भेग नाही, काच नाही, तारखा नाहीत. मी पेराने वाजवलं. रिकाम्या हंड्यासारखं वाजलं.

"शेवंते, इथे काच होती ती कुठे गेली?"

ती डबे भरत होती. वर न बघता म्हणाली, "आतच असा. रंगाखाली."

"कोणी झाकली?"

"मीच सांगितलंय. ती पोरगी विचारी होती, ह्या काय असा, ठेवूचा काय म्हणान. मी म्हटलंय, बुजवून टाक. चार मजल्यांचा माझा तोंड, आणि त्याच्यार भेग? लोक काय म्हणतले? बायकोमाणसाच्या तोंडार चीर बरी दिसता?"

नयनाने विचारलं होतं. सेक्रेटरीने लांबी भरून दिली होती. आणि माझ्या बहिणीने, तोंड चांगलं दिसावं म्हणून, आपल्याच घराची राखण करणारी काच झाकायला लावली होती. मला इतका राग आला की मी उलथनं घेऊन आले आणि तिच्या कानाची पाळी खरवडायला लागले. तो बाहेरचा रंग रबरासारखा असतो, ताणला तरी फाटत नाही. सायीसारखा निघाला. आत काच होती. दोन तुकडे झालेले. दोन्हींच्या मध्ये माझी करंगळी जात होती.

शेवंतीने माझा हात धरला. "माझो कान खरवडलंस! शनिवारी चित्राच्या उद्घाटनाचो कार्यक्रम असा, पावणे येतले!"

"तुझा कान गेला खड्ड्यात. बाहेर निघ इथून."

"मी खंय जांव? चाळीस वर्सां झाली, ही भिंत हालाक नाय."

सेक्रेटरी आला. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्याने काच बघितली, घाम पुसला. म्हणाला, "आजी, ही भेग माझ्या जन्माच्या आधीची आहे. सोमवारी इंजिनीयरला बोलावतो, शब्द देतो. शनिवारी कार्यक्रम आहे, बॅनर लागलेत. आता घबराट नको."

"सोमवारपर्यंत भिंतीला थांबायला सांगितलंस का?" मी विचारलं.

वर जाऊन तात्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. "किती?"

"करंगळी जाते."

"मग शेवंतीला काढा. खालच्या मजल्यावरच्या उषाला आणि तिच्या सुनेलाही सांगा. माझं राहू दे. मी जड माणूस, मला खाली न्यायला चौघे लागतात."

उषा ही पहिल्या मजल्यावर टोकाच्या खोलीत राहणारी, शिलाईचं काम करणारी; तिच्या खालचा तळमजल्यावरचा गाळा बंदच असायचा. तिला सांगितलं तर म्हणाली, दिवाळीच्या ऑर्डरी आहेत, बघू. पाचव्या दिवशी शेवंती माझ्याशी बोलली नाही. मी तिच्याशी दिवसभर भांडले. चार माणसं त्या दिवशी चाळीत मिळाली असती. मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाहीत. मला फक्त माझी बहीण दिसत होती.

शनिवार

सकाळी अकराच्या सुमाराला मी रस्ता ओलांडून समोर गेले. जवळून भेग कळत नव्हती, लांबून बघावं म्हणून. लोक जमायला लागले होते. आणि मग ते झालं जे सुरुवातीला सांगितलं.

नयना त्या गर्दीतच होती. तिने रेघ बघितली. एवढ्या माणसांत ती एकटी समजली, कारण ती रेघ तिने काढलेली नाही हे फक्त तिलाच माहीत होतं. ती जिन्याकडे पळाली. जिना चाळीच्या दुसऱ्या टोकाला. ती पळत असताना मी तिला ओरडून सांगितलं, "पहिल्या मजल्यावर उषा!" सेक्रेटरी हार घेऊन उभा होता. त्याने हार टाकला, तीन गडी बरोबर घेतले आणि मांडवातली एक खुर्ची उचलून तात्यांकडे निघाला. हेही लिहायला हवं.

मी भिंतीच्या शक्य तितकी जवळ गेले आणि बोंब मारली, "शेवंते! खाली ये! भिंत फुटली!"

ती सज्जात आली. "परत तुझा सुरू झाला? बांगडे चुलीर असत!" आणि आत गेली.

मला दोन जिने चढायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात भिंतीवरची उजवी भुवई निखळून पडली. लोकांनी "ओ!" केलं. आता ते मागे सरकायला लागले होते, पण मोबाइल वरच. तेव्हा मला सुचलं. जे तिला कळतं तेच तिला सांगायचं.

"शेवंते! पेपरवाले इलेत! तुझो फोटो व्हयो त्यांका!"

ती लगेच बाहेर आली. "खरा? थांब, पातळ बदलून येतंय."

"बदलू नको!" मी ओरडले. "चित्रातल्यासारखाच व्हया त्यांका! डाव घेऊन ये! आत्ताच ये, ते चलले!"

ती आत गेली. मी श्वास धरून उभी होते. ती बाहेर आली, हातात डाव, तशीच मळक्या पातळात, आणि सज्जातून चालायला लागली. चालता चालता एका हाताने केस सारखे करत होती. सज्जाच्या दुसऱ्या टोकाला, जिन्यापाशी ती दिसेनाशी झाली तेव्हा मी देवाचं नाव घेतलं नाही. मी जिन्याच्या तोंडाकडे चालत मोजत होते. एक जिना. दुसरा जिना. उषा आणि तिची सून शिलाई मशीन सोडून नयनाबरोबर बाहेर आल्या. त्यांच्या मागून शेवंती. तिने इकडेतिकडे बघितलं आणि मला विचारलं, "खंय असत पेपरवाले?"

तेव्हा कपाळ आलं. आधी कपाळ, मग डोळे, मग सगळंच. मी पूर आणि वादळ दोन्ही बघितलेली आहेत. असा आवाज ऐकला नव्हता. नंतर काही दिसेना. तोंडात चुना. धूळ खाली बसली तेव्हा चाळीचं टोक उघडं पडलं होतं आणि त्यातून प्रत्येक खोलीचा अर्धा भाग दिसत होता. शेवंतीच्या खोलीत कपाट होतं, चूल नव्हती. तिसऱ्या मजल्यावर काहीच नव्हतं.

सेक्रेटरी आणि ते तीन गडी रिकामी खुर्ची घेऊन वर चढताना पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंतच पोचले होते. लता औषधाच्या दुकानात होती. ती धावत आली आणि धुळीत उभी राहून "बाबा, बाबा" करत राहिली. अग्निशामक दलाची माणसं आली. तात्यांना संध्याकाळी काढलं.

रस्त्यावर सगळीकडे रंगाचे तुकडे पडले होते. एकावर डोळ्याचा कोपरा होता. कोणीतरी तो उचलून पिशवीत घातला. आठवण म्हणून. मी त्याच्या हातातून घेऊन खाली टाकला. तो रागावला नाही, फक्त बघत राहिला.

शेवंती फुटपाथवर बसली होती. म्हणाली, "आक्का, मीच सांगितलंय बुजव म्हणान."

"हो," मी म्हटलं. "तूच सांगितलंस. आणि मला काच दिसली, पण मी तात्यांसाठी माणसं बोलावली नाहीत." दुसरं काय बोलणार? खोटं बोलले असते तर तिला कळलं असतं.

बाकीची चाळ त्याच दिवशी रिकामी केली. शेवंती माझ्याबरोबर गावी आली. अजून इथेच आहे. जेवते, कमी बोलते.

टोकाच्या खोल्यांतल्या माणसांपैकी तात्या गेले. शेवंती, उषा, उषाची सून आणि लता वाचल्या. जिन्यातले चौघे वाचले. नयना वाचली. मीही वाचले.